मथळ्याचा दुसरा दिवस

न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्राने २५ ऑगस्ट १८३५ रोजी चंद्रावरच्या जीवसृष्टीची बातमी छापायला सुरुवात केली. सहा लेखांची मालिका होती ती. सर जॉन हर्शेल हे त्या काळातले फार मोठे खगोलशास्त्रज्ञ तेव्हा केपटाउनजवळ दुर्बीण मांडून दक्षिणेचं आकाश न्याहाळत होते, एवढी गोष्ट खरी. बाकी सगळं ‘सन’चा संपादक रिचर्ड अॅडम्स लॉक याच्या डोक्यातून आलेलं. हर्शेल यांनी म्हणे २४ फूट व्यासाचं, जवळजवळ सात टनांचं भिंग बसवलं होतं. त्यातून त्यांना चंद्रावरचे रानगवे दिसले, एकशिंगी शेळ्या दिसल्या, दोन पायांवर चालणारे आणि झोपडीत चूल पेटवणारे बीव्हर दिसले. शेवटी दिसली वटवाघळासारखे पंख असलेली माणसं, चार फूट उंचीची, तांबूस केसांची, घोळका करून हातवारे करत बोलणारी.

लोकांनी अंकांवर उड्या टाकल्या. इतर वर्तमानपत्रांनी मालिका उचलून आपापल्या पानांत छापली. आपला खप १९,३६० झाल्याचं ‘सन’ने अभिमानाने जाहीर केलं. हर्शेल यांना हा प्रकार कळला तेव्हा आधी गंमत वाटली. पुढे मात्र निरनिराळ्या भाषांतून चौकश्या येत राहिल्या आणि ते वैतागून गेले.

या बातमीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की ती चंद्रावर पोहोचते आणि तिथेच थांबते. माणसं दिसली. बरं, मग? दुसऱ्या दिवशी काय झालं? जगाच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट घडल्यावर दुसऱ्या सकाळी न्यूयॉर्कमधला पाववाला नेहमीच्या वेळी दुकान उघडून बसला होता, तो कसा काय?

जुने मथळे गोळा करायचे, एकेक खरा धरायचा आणि त्याला दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडू द्यायची, हा माझा जुना छंद आहे. यात हसायला भरपूर मिळतं. पण मला या खेळाचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. मथळा जिथे कच्चा असतो, नेमका तिथेच तो हसवतो. रात्रपाळीच्या उपसंपादकाला मथळा सुचतो तेव्हा पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असतात. दुसऱ्या दिवसाचा विचार करायला त्याला वेळ नसतो. वाचकाला असतो. आणि वाचकाने तो केला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

तर चंद्र. पंखवाल्यांच्या बातमीनंतरच्या सकाळी न्यूयॉर्कचे कापडवाले हिशेबाला बसले असणार, कारण बातमीतली ही मंडळी उघडीच हिंडत होती. थॉमस डिक हे स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक ग्रहताऱ्यांवरच्या वस्तीबद्दल फार विश्वासाने लिहीत असत. लॉकला खरा चिमटा काढायचा होता तो अशाच लिखाणाला. याच डिक यांनी पुढे दोन-तीन वर्षांनी चंद्राची लोकसंख्या ४२० कोटी असल्याचं गणित मांडलं. ४२० कोटी गिऱ्हाइकं आणि सगळ्यांना पंख! शिंप्याने सदरा बेतायचा कसा? पाठ मोकळी सोडावी तर गळ्याला काय आधार, आणि पाठ शिवावी तर गिऱ्हाईक घरी कसं जाणार? नुसतं माप घ्यायला जायचं तरी अडीच लाख मैल.

त्यात आणखी एक अडचण. चंद्राला नाव घेण्याजोगं वातावरण नाही, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी आदल्याच वर्षी, १८३४ साली, दाखवून दिलं होतं. चंद्राआड जाणारा तारा हळूहळू मंद होत नाही, एकदम विझतो. हवा असती तर असं झालं नसतं. हवा नाही म्हटल्यावर पंखांचा उपयोग शून्य. बिचारे पंख फडफडवत टेकडीवरून उडी घेणार आणि दगडासारखे खाली येणार. फक्त गुरुत्वाकर्षण आपल्या सहाव्या हिश्श्याचं, म्हणून सावकाश येणार. या मंडळींना शेवटी पंख मिटून लांब उड्या मारत प्रवास करणंच सोयीचं वाटलं असतं. मात्र लॉकची एक गोष्ट नकळत बरोबर आली होती. त्याने त्यांना हातवारे करत बोलताना दाखवलं. जिथे हवाच नाही तिथे आवाजही नाही. हातवाऱ्यांशिवाय त्यांना दुसरा इलाज नव्हता.

मग त्यांच्याकडचं वर्तमानपत्र कसं असेल? ते ओरडून विकता येणार नाही. चंद्रावरचा एक दिवस म्हणजे आपले साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे रोजचा अंक आपल्या हिशेबाने महिन्यातून एकदा निघणार. ‘काल’ घडलेली घटना म्हणजे गेल्या महिन्यातली. त्यांचा वार्ताहर तसल्याच एखाद्या दुर्बिणीतून न्यूयॉर्कवर नजर लावून बसला असेल, तर ऑगस्टअखेर त्याला काय दिसलं असेल? एका छापखान्यासमोर पंख नसलेल्या प्राण्यांची झुंबड. प्रत्येकाच्या हातात एक कागद. सगळे आळीपाळीने कागदाकडे आणि आभाळाकडे बघताहेत. ‘पृथ्वीवर बुद्धिमान जीवसृष्टी असण्याची शक्यता’ हा मथळा त्याने लावला असता, आणि ‘शक्यता’ या शब्दावरून तिथल्या संपादकाशी त्याचं वाजलं असतं.

लॉकने स्वतः मालिका संपवली ती मोठ्या चतुराईने. दुर्बीण पूर्वेकडे तोंड करून उघडी राहिली, सूर्याचे किरण भिंगात शिरले आणि वेधशाळेला आग लागली, असं त्याने लिहिलं. म्हणजे दुसरा दिवस येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दुर्बीण जाळावी लागली.

याच शहरात ९ नोव्हेंबर १८७४ला, सोमवारी, ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातले हिंस्र प्राणी पिंजरे फोडून बाहेर पडल्याची बातमी दिली. आफ्रिकेच्या जंगलात लिव्हिंगस्टनला शोधायला स्टॅन्लेला पाठवणारं पत्र ते हेच. रकानेच्या रकाने भरून मजकूर होता. ४९ मृत, २०० जखमी. गेंड्याने पहारेकऱ्याला तुडवलं. खुद्द गव्हर्नर डिक्स यांनी भर रस्त्यात वाघावर गोळी झाडली. डझनभर प्राणी अजून मोकाट असून नागरिकांनी घरात थांबावं, असा महापौरांचा हुकूम. आणि या सगळ्याच्या अगदी शेवटी, जिथवर फार थोडे वाचक पोहोचतात तिथे, एक परिच्छेद होता: वरची संपूर्ण हकिगत अर्थातच काल्पनिक आहे, पण पिंजऱ्यांची अवस्था बघता उद्या हे खरंही होऊ शकेल.

व्यवस्थापकीय संपादक टी. बी. कॉनरी यांनी त्या प्राणिसंग्रहालयात बिबट्याला हलवताना तो निसटता निसटता राहिलेला पाहिला होता, आणि लोकांचं लक्ष वेधायला त्यांना हा मार्ग सुचला. लोकांनी दारं लावून घेतली, बंदुका काढल्या. ‘हेरल्ड’चाच एक नावाजलेला युद्धवार्ताहर दोन पिस्तुलं घेऊन कचेरीत हजर झाला, असं सांगतात. इतकी मेहनत घेऊन लिहिलेल्या बातमीचा शेवट तिच्याच कचेरीतल्या माणसाने वाचला नव्हता!

आता ही बातमी खरी धरू आणि मंगळवारची सकाळ बघू. दूध कोण घालणार? दूधवाल्याची घोडागाडी दारात उभी, पण घोडा पुढे पाऊल टाकायला तयार नाही, कारण कोपऱ्यावर सिंहीण बसलीय. विमा कंपनीच्या दारात भांडण: पॉलिसीत आग आहे, पूर आहे, चोरी आहे, वाघ कुठे आहे? दरोडेखोरांचा धंदा बसलेला. गुन्हेगारी घटली म्हणून एक पोलीस अधिकारी मनातून वाघांवर खूश. बुधवारी शिकाऱ्यांच्या टोळ्या सेंट्रल पार्कात शिरल्या आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांनाच दोनदा जखमी करून परतल्या. गुरुवारी खाटकांचं शिष्टमंडळ महापौरांकडे गेलं: मोकाट जनावरांना मांस आम्हीच पुरवू, म्हणजे ती माणसांच्या वाटेला जाणार नाहीत, भाव तेवढा ठरवून द्या. आणि शुक्रवारी, पाच दिवस उपाशी राहिलेला अस्वलाचा एक जोडा आपल्या पायांनी चालत पिंजऱ्यात परतला, कारण शहरात त्यांना कुणी वेळेवर जेवायला घालत नव्हतं.

इथे मला जुन्नर आठवतं. ‘बिबट्याचा वावर, परिसरात घबराट’ हा मथळा पुणे जिल्ह्याच्या आवृत्तीत किती वेळा छापून आला असेल याची गणती नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या तालुक्यांत धरणांमुळे ऊस आला, उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली आणि पिलं तिथेच जन्मू लागली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभं राहिलं. आता या मथळ्याचा दुसरा दिवस तिथल्या शेतकऱ्याला विचारा. तो बिबट्यावर बोलतच नाही, विजेवर बोलतो. शेतीपंपाला थ्री फेज लाइट वर्षानुवर्षं अनेकदा रात्रीचीच येत आली. रात्री मोटार चालू करायला, दारं धरायला उसात उतरावं लागतं, आणि बिबट्याही रात्रीच बाहेर पडतो. म्हणून त्या भागातली मागणी राहिली ती शेतीला दिवसा वीज द्या ही. घबराटीच्या मथळ्यामागे महावितरणचं वेळापत्रक बसलेलं असतं, आणि मथळा छापणाऱ्यांनी ते पहिल्या दिवशीच छापलं असतं तर फार बरं झालं असतं. कॉनरी यांना निदान पिंजऱ्याच्या कड्या दाखवायच्या होत्या. मार्ग साफ चुकीचा, पण बोट बरोबर जागी ठेवलेलं.

खोडसाळपणा नसतानाही मथळे चुकतात. ३ नोव्हेंबर १९४८च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा मथळा यातला सर्वांत प्रसिद्ध: ड्युईंकडून ट्रुमन पराभूत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल उलटा लागला. ट्रुमन यांना निर्वाचक मंडळातली ३०३ मतं पडली, ड्युईंना १८९. दुसऱ्या दिवशी सेंट लुईसच्या स्टेशनवर ट्रुमन यांनी तो अंक दोन्ही हातांनी उंच धरला आणि तोंडभर हसले. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यामागचं कारण फारसं कुणी सांगत नाही. शिकागोत कंपोझिटरांचा संप आदल्या वर्षापासून चालू होता. मजकूर टाइप करायचा, त्याचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून ठोकळा करायचा, अशा लांबलचक वाटेने पान तयार होत असल्यामुळे पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा बरीच लवकर सोडावी लागे. मतमोजणी पुरती रंगात यायच्या आत मथळा देऊन मोकळं व्हायचं. वॉशिंग्टनचे बातमीदार आर्थर सीअर्स हेनिंग यांचा अंदाज सहसा चुकत नसे, जनमत चाचण्याही ड्युईंच्याच बाजूने होत्या. पान सुटलं आणि सुमारे दीड लाख अंक छापून झाले.

म्हणजे त्या सकाळी दीड लाख घरांपुरते ड्युई राष्ट्राध्यक्ष होते. त्यांची कारकीर्द न्याहरीला सुरू झाली आणि दुपारच्या जेवणाआधी संपली. एवढ्या वेळात काय काय झालं असेल? इलिनॉयमधल्या कुण्या गावात एकाने पैज जिंकली म्हणून पैसे घेऊन खर्चसुद्धा केले. पोस्टमास्तरकीसाठी वशिला लावणारे तिघं सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला निघाले, मधल्या स्टेशनवर ताजा अंक बघून उतरले आणि वॉशिंग्टनच्या गाडीत बसले. एका शाळेत नव्या राष्ट्राध्यक्षांवर निबंध लिहून झाले, आणि बाईंनी दुपारी फक्त नाव बदलायला सांगितलं. बाकी मजकूर तसाच चालला.

आपल्याकडे हे कुणाला परकं वाटणार नाही. डाक आवृत्ती संध्याकाळीच छापून एसटीत टाकायची आणि शहर आवृत्तीत मध्यरात्रीपर्यंतच्या बातम्या घ्यायच्या, अशी पद्धत मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं होती. निवडणुकीच्या निकालाच्या रात्री तिचा परिणाम असा, की पुण्यात गुलाल उधळून रस्ते झाडून झालेले असायचे आणि तळकोकणातल्या पारावर ‘चुरशीची लढत’ हा मथळा वाचून पैजा लागत असायच्या. आमदार एकच, पण एसटी पोहोचेपर्यंत तो दोन वेगवेगळ्या दिवसांत राहायचा.

प्रत्येक चुकीच्या मथळ्याशी असा खेळ करता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १५ एप्रिल १९१२ला बाल्टिमोरच्या ‘इव्हनिंग सन’ने आणि इतर काही पत्रांनी ‘टायटॅनिक’चे सर्व प्रवासी सुखरूप असल्याचं छापलं. बिनतारी संदेशांची सरमिसळ झाली होती: एक संदेश प्रवासी सुरक्षित आहेत का असं विचारणारा, दुसरा वेगळंच जहाज ओढून आणलं जात असल्याचा, आणि दोन्ही मिळून तिसरीच बातमी जन्माला आली. जहाज पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडालं होतं. सुमारे १५०० माणसं गेली होती. नातेवाइकांना हॅलिफॅक्सला न्यायला खास रेल्वेगाडीची तयारी झाली. या मथळ्याचा दुसरा दिवस मी कधी कल्पनेने रंगवलेला नाही. तो त्या गाडीची वाट बघणाऱ्यांनी प्रत्यक्ष काढला.

मंगळ मात्र मन मोकळं करतो. २७ ऑगस्ट १९११च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मथळा होता: मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन प्रचंड कालवे बांधले. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःची वेधशाळा उभारून बसलेले पर्सिव्हल लॉवेल यांचा सिद्धान्त असा, की मंगळ कोरडा पडत चालला आहे आणि तिथले रहिवासी ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी विषुववृत्तापर्यंत आणतात. दुर्बिणीत आधी न दिसलेल्या दोन नव्या रेषा त्यांना दिसल्या. रेषा नव्या म्हणजे कालवे नवे, आणि कालवे नवे म्हणजे ते दोनच वर्षांत झालेले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा मथळा वाचून पहिला प्रश्न पडतो तो जीवसृष्टीचा नाही, भूसंपादनाचा. दोन वर्षांत? सातबारे कुणी गोळा केले? मोबदल्याचा वाद कोर्टात गेला नाही? पुनर्वसन कुठे झालं? समजा हेही सगळं पार पडलं. मग पहिलं आवर्तन कधी सुटलं? ध्रुवाकडचा शेतकरी हेडला, विषुववृत्तावरचा टेलला. हेडवाल्याने चारीला आणखी चार दारं पाडून सगळ्या रानाला ऊस लावला असणार, आणि टेलवाला रात्रभर टॉर्च घेऊन कालव्याच्या कडेला पाण्याची वाट बघत बसला असणार. पाटकऱ्याची बदली करा म्हणून विषुववृत्तावर मोर्चा. दोन्ही गोलार्धांत पाणीवाटपावरून लवाद. आणि पाणीपट्टीची थकबाकी शेकडो वर्षांची, कारण प्रत्येक निवडणुकीआधी ती माफ होते. इतका मोठा कालवा बांधणारा ग्रह एकदिलाने राहणाराच असला पाहिजे, असं लॉवेल मानत. ज्याने एकदा तरी टेलला शेती केली आहे, तो असं मानणार नाही.

मला हे सुचतं तेव्हा हसू येतं, आणि पाठोपाठ चीड येते. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ला बसली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा. खर्च कितीतरी हजार कोटींवर गेला, तीन दशकं उलटून गेली आणि कालव्यांची कामं चालूच राहिली. पूर्व विदर्भातल्या भातशेतीला या पाण्याची केवढी आस आहे हे त्या बाजूला जाऊन कुणाशीही बोललं तरी कळतं. मंगळावर कालवे नाहीत हे १९६५च्या जुलैमध्ये ‘मरिनर ४’ यानाने जवळून फोटो काढले तेव्हा स्पष्ट झालं. लॉवेल यांना रेषा दिसल्या होत्या, पाणी कुणालाच दिसलं नव्हतं. आपल्या नकाशांवरच्या कालव्यांनाही हीच कसोटी लावावी.

त्याच ‘टाइम्स’ने ९ ऑक्टोबर १९०३ला माणसाला उडणारं यंत्र बनवायला दहा लाख ते एक कोटी वर्षं लागतील असा होरा मांडला होता. राइट बंधू त्यानंतर ६९ दिवसांनी उडाले. १९२० साली रॉबर्ट गॉडर्ड यांचं रॉकेट निर्वात पोकळीत पुढे सरकणारच नाही, असं म्हणून त्यांना शाळेतलंही पदार्थविज्ञान येत नसल्याचा शेरा या पत्राने मारला. १७ जुलै १९६९ला, ‘अपोलो ११’ उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच पत्राने दुरुस्ती छापली. १९२०चं म्हणणं खरं धरलं तर तिघे अंतराळवीर पृथ्वीची हवा संपल्याबरोबर जागच्या जागी अडकून बसले असते आणि जाण्यायेण्याचा भत्ता कुठपर्यंतचा धरायचा यावर ह्यूस्टनला फाइल फिरत राहिली असती. गॉडर्ड ही दुरुस्ती वाचायला हयात नव्हते. ते १९४५ साली वारले.

जगबुडीच्या मथळ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. १९१०च्या फेब्रुवारीत हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन वायू असल्याची बातमी आली, आणि त्याने पृथ्वीवरची जीवसृष्टी गुदमरेल हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ फ्लामारियाँ यांचं मत तिच्यासोबत छापलं गेलं. मे महिन्यात पृथ्वी शेपटीतून गेली तोवर लोकांनी दाराच्या फटी आणि कुलपांची भोकं बुजवली होती, धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या होत्या. आपल्याकडे १९६२ची अष्टग्रही जुन्या माणसांच्या अजून लक्षात असते. ३ ते ५ फेब्रुवारीच्या दरम्यान मकर राशीत आठ ग्रहांची युती आणि जगाचा शेवट. देशभर यज्ञ झाले, जपजाप्य झालं. नेहरूंनी या भाकिताची थट्टा केली. आणि याच महिन्याच्या उत्तरार्धात तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान ठरलेलं होतं!

त्या आठवड्यातल्या प्रचारसभेची मी कल्पना करतो. उमेदवार कालव्याचं आश्वासन देतोय आणि श्रोत्यांतला एक म्हातारा उठून विचारतोय, “साहेब, पाच तारखेच्या आधी का नंतर?” इकडे कर्ज मागणाऱ्यांची सावकाराच्या ओट्यावर रांग. परतफेडीची मुदत सहा फेब्रुवारी चालेल म्हणतात. सावकार मान डोलावतो, पण कागदावर सही मात्र घेतोच. अशा मथळ्याची खरी परीक्षा वाण्याच्या उधारीच्या वहीत होते असं माझं ठाम मत आहे. जग बुडणार म्हणून वाण्याने उधारी बंद केली तर घाबरावं. तो नेहमीसारखा महिन्याच्या खात्यावर डाळ-तांदूळ बांधून देत असेल तर निवांत झोपावं. वाण्याला दुसऱ्या दिवसाचा विचार करावाच लागतो.

स्कायलॅबच्या वेळी वाण्याचंही कुणी ऐकलं नाही. १९७३च्या मे महिन्यात अमेरिकेने सोडलेली ही अंतराळ प्रयोगशाळा, वजन सुमारे ७७ टन, १९७९च्या मध्यावर खाली येणार हे नक्की झालं. कुठे, ते नक्की नव्हतं. तुकडा लागून पृथ्वीवरचं कुणी तरी जखमी होण्याची शक्यता १५२त एक, असं ‘नासा’ने सांगितलं. कुणी तरी म्हणजे जगातल्या चारशे कोटींहून जास्त माणसांपैकी कुणीही एक. नेमक्या आपल्या डोक्यात तुकडा पडण्याची शक्यता साठ हजार कोटींत एक होती. मथळ्यांत १५२ राहिले, साठ हजार कोटी गळले. ज्याने त्याने आपल्या वस्तीतली डोकी मोजली. स्कायलॅब पडणार म्हणून कोंबड्या-बकरी कापून खाल्ली, साठवलेले पैसे उडवले, भांडलेल्या भावांनी बोलचाल सुरू केली, अशा हकिगती गावोगाव अजून ऐकायला मिळतात. त्याच आठवड्यात लोकसभेत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला होता. काही घरांत त्या दिवसांत दोन्ही गोष्टींची चर्चा एकाच वाक्यात होत असणार: आधी काय पडतं? स्कायलॅब ११ जुलैच्या रात्री आपल्या घड्याळात दहा वाजून गेल्यावर पडली. सरकार १५ जुलैला पडलं.

तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स या गावाच्या आसपास विखुरले. ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झॅमिनर’ने जाहीर केलं होतं, की पडल्यापासून ७२ तासांत पहिला तुकडा आमच्या कचेरीत आणून देणाऱ्याला १०,००० डॉलर. हे बक्षीस मिळालं एस्परन्सच्या १७ वर्षांच्या एका मुलाला. त्याच्या घराच्या शेडवर जळके तुकडे पडले होते. ते घेऊन तो पासपोर्टशिवाय विमानात बसला आणि मुदतीत पोहोचला.

हाच तुकडा माण तालुक्यातल्या कुणाच्या गोठ्यावर पडला असता तर? सकाळी पोलीस पाटील आले असते. तुकड्याला कुणी हात लावायचा नाही, असं सांगून त्यांनी चार दगड रचून खूण केली असती. दुपारी तलाठी आले असते, नुकसानीचा पंचनामा: कौलं नग बारा, शेळी एक, घाबरलेली. पंच म्हणून शेजारचे दोघे. मग फौजदारांनी तुकडा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला असता, लाखेचं सील लागलं असतं. तुकडा परदेशी म्हणून कस्टमचा प्रश्न, आकाशातून आला म्हणून कोणत्या खात्याचा हा प्रश्न. तहसीलदारांनी प्रांतांना लिहिलं असतं, प्रांतांनी कलेक्टरांना. ७२ तास संपले तेव्हा कागद साताऱ्याच्या बारनिशीत असता. आणि पासपोर्टचा अर्ज द्यायला गोठेवाल्याच्या पोराला मुंबईच गाठावी लागली असती. गोठ्याचा मालक शेवटी एवढंच म्हणाला असता, “कौलांचे पैसे तरी द्या.”

एस्परन्सच्या लोकांनी मात्र कौलांचा हिशेब चुकवला नाही. तिथल्या स्थानिक प्रशासनाने सार्वजनिक जागेत कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला ४०० डॉलर दंड केला. केला तो गमतीने, पण पावती फाडली ती रीतसर. ‘नासा’ने पैसे दिले नाहीत. पर्थला त्याच जुलैत झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेच्या मंचावर स्कायलॅबचा एक मोठा तुकडा आणून ठेवला गेला, गावात संग्रहालय झालं, आणि दंडाची बाकी तशीच राहिली. २००९ साली, बरोबर तीस वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ निवेदकाने आपल्या श्रोत्यांकडून वर्गणी गोळा केली आणि एस्परन्सला ४०० डॉलर पोहोचते केले.